म्युनिकहून एका दिवसाचं स्कीइंग : पहिल्यांदाच जाणाऱ्याने काय बघावं?

शंकासुर
जानेवारी ते मार्च ऑफिसच्या कामाने म्युनिकला मुक्काम आहे. तिथल्या मंडळींनी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी गार्मिश-पार्टेनकिर्शेनला स्कीइंगला जायचं ठरवलंय. सकाळी निघायचं, रात्री परत. ते सगळे लहानपणापासून करणारे, आणि इकडे बर्फाची ओळख फ्रीजरपुरती.

प्रश्न असे: एका दिवसात काही जमतं का, की नुसतेच पैसे जातात आणि ढोपरं फुटतात? पुण्यातून काय न्यावं, तिथे भाड्याने काय घ्यावं? टीम म्हणते "चल आमच्याबरोबर वर, आम्ही शिकवतो", मग क्लास लावायची गरज आहे का?

वय ३४. व्यायाम म्हणजे रविवारी तळजाई, तीही नंतरच्या पोह्यांसाठी. निघायला तीन आठवडे आहेत.

तिरकसपेठ
ढोपरं घरून न्या. बाकी सगळं भाड्याने मिळतं.

हिमाली
तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण सगळा दिवस त्यावर ठरतो. क्लास लावा आणि टीमबरोबर वर जाऊ नका. लिफ्ट वर नेते, पण खाली यायचं ते स्कीवरच. निळी वाट म्हणजे सोपी खरी, पण दोन-तीन किलोमीटरच्या वाटेत मध्येच पन्नास मीटरचा एक उभा तुकडा असतो. तो जाणत्यांच्या लक्षातही येत नाही आणि नवख्याचा तिथेच पुतळा होतो. शिवाय लहानपणी शिकलेल्या माणसाला आपण काय करतो हे सांगता येत नाही. "गुडघे वाकव आणि सोड" एवढंच तो सांगणार.

शाळांचे नवशिक्यांचे गट बरेचदा रविवारी किंवा सोमवारी सुरू होऊन आठवडाभर चालतात. शनिवारी एकाच दिवसासाठी जायचं तर 'श्नुपरकुर्स' आहे का असं विचारा. म्हणजे चाखून बघण्याचा वर्ग. बहुधा सकाळी दोन तास, मध्ये जेवण, मग दुपारी दोन तास. शनिवारी आयत्या वेळी जागा मिळत नाही, ऑनलाइन आधी करा. आणि तारीख ठरवताना बायर्नमधली (बव्हेरिया, म्युनिकचं राज्य) फाशिंगची म्हणजे कार्निव्हलची सुट्टी कधी आहे ते बघा. फेब्रुवारीच्या आसपास शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा त्या उतारावर तुळशीबाग झालेली असते.

सगळ्या डोंगराचा दिवसभराचा पास घेऊ नका. पहिल्या दिवशी वापर होतो तो फक्त सरावाच्या पट्ट्याचा. जर्मनीत त्याला 'त्साउबरटेपिश' म्हणजे जादूचा गालिचा म्हणतात. प्रत्यक्षात तो विमानतळावर सामान येतं तसला रबरी पट्टा, त्यावर उभं राहायचं. त्याचं वेगळं तिकीट किंवा पॉइंटचं कार्ड असतं, कधी क्लासच्या पैशातच येतं. बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

जुनाट्रेकर
बुटांबद्दल एक. एक नंबर मोठे घ्या आणि आत दोन जोड लोकरी मोजे घाला. सह्याद्रीत वर्षानुवर्षं हेच चालतं, पाय गरम राहतात.

गुडघेबुवा
जुनाट्रेकर, सह्याद्रीत ठीक, इथे नेमकं उलट. स्कीच्या बुटात मोजा एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचा, सुती नसलेला. दोन मोजे घातले की एकावर एक सरकतात, चुणी पडते, आणि त्या चुणीवर प्लास्टिकचं कवच चार तास दाबत राहतं. शिवाय जाड मोज्याने रक्तपुरवठा आवळला जातो आणि पाय उलट गार पडतात.

नवशिक्याचा दिवस डोंगराने बिघडत नाही, बुटाने बिघडतो. म्हणून भाड्याच्या दुकानात घाई करू नका. क्रम असा :

बुटांचा नंबर मोंडोपॉइंटमध्ये असतो, म्हणजे पावलाची लांबी सरळ सेंटिमीटरमध्ये. भिंतीला टाच टेकवून, त्या पायावर वजन देऊन उभं राहा आणि सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. दोन्ही पाय मोजा, थोडाफार फरक असतो. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं बाहेरचं कवच एकच असतं, म्हणून अर्ध्या नंबरावरून वाद घालत बसू नका.

बूट घातला की टाच जमिनीवर दोनदा आपटायची, म्हणजे ती मागच्या खोबणीत बसते. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. मग नडगी पुढे दाबून गुडघे वाकवा, बोटं थोडी मागे यायला हवीत. तेव्हाही टोचत असतील तर बूट लहान. टाच आत वर उचलली जात असेल तर मोठा. साधारण चार बकल असतात. खालची दोन नुसती लागतील इतकीच, वरची दोन घट्ट, आणि सगळ्यात वरचा पट्टा नडगीला बसेल असा. पँट, थर्मल, काहीही बुटाच्या आत खुपसायचं नाही. आत फक्त मोजा. थर्मलची शिवण नडगीवर आली की तासाभरात तिथे लाल वळ उठतो.

बूट घालून दुकानातच दहा मिनिटं उभे राहा. दुखायला लागलं तर तिथेच बदलून मागा. दुकानदाराला त्यात काही वाटत नाही, त्याचं ते रोजचंच असतं.

मुळामुठा
चालायचं कसं त्यात? रोबोसारखं चालताना पाहिलंय लोकांना.

गुडघेबुवा
चालताना वरची दोन बकलं सैल करायची, आधी टाच मग चवडा. बऱ्याच बुटांना मागे चालण्यासाठीचा खटका असतो, तो उघडायचा आणि स्की लावण्याआधी न विसरता बंद करायचा. स्की खांद्यावर घेताना टोकं पुढे, आणि वळताना मागे कोण आहे ते बघायचं. रांगेत सगळ्यात जास्त टाळकी तिथेच शेकतात.

तिरकसपेठ
म्हणजे पीएमपीत छत्री काखेत घेऊन वळणाऱ्या काकांसारखंच.

गुडघेबुवा
हो, फक्त इथे छत्री दीड मीटरची आणि कडेला धार.

राहिलेला भाग बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा. दुकानातला फॉर्म वजन, उंची, वय आणि अनुभव विचारतो. बुटाच्या तळाची लांबी ते स्वतः बघतात. त्यावरून तक्त्यात बघून बाइंडिंगचा आकडा ठरतो, त्याला 'डिन' म्हणतात. पडल्यावर पाय पिळवटायच्या आत बूट स्कीतून सुटला पाहिजे, ते काम हा आकडा करतो. वजन जास्त सांगितलं तर बाइंडिंग कडक होतं, सुटत नाही आणि गुडघ्याचा लिगामेंट जातो. कमी सांगितलं तर साध्या वळणावर स्की निघून पडते. तेव्हा लग्नाच्या बायोडेटातलं वजन तिथे लिहू नका. अनुभवाच्या रकान्यात 'नवशिका' लिहा, टीम बाजूला उभी असली तरी. आणि तो स्क्रू नंतर कुणी मित्र "जरा घट्ट करू का" म्हणाला तर हात लावू देऊ नका.

स्कीची लांबी पहिल्यांदा हनुवटीपर्यंत पुरे. आखूड स्की लवकर वळते.

बाणेरबाई
कपड्यांबद्दल, कारण खरेदी पुण्यात करायची आहे.

सगळ्यात आत पॉलिस्टरचं किंवा मेरिनो लोकरीचं थर्मल, अंगाला चिकटून बसणारं. मध्ये पातळ फ्लीस. बाहेर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट आणि तसलीच पँट. सुती बनियन, सुती टी-शर्ट, जीन्स यांपैकी काही नको. कापूस घाम शोषून धरून ठेवतो, आणि क्लासमध्ये पट्ट्याच्या रांगेत उभं राहिलं की तो घाम गार होतो. जीन्सवर बर्फ चिकटतो, वितळतो, मग पाटीसारखी कडक होते.

नवशिक्याला थंडीपेक्षा घामाचा त्रास जास्त. चार तास पडणं, उठणं, आडवं चढणं म्हणजे भरपूर कष्ट. उणे तीन अंशांतही घाम फुटतो. तेव्हा आजीने विणलेला जाडजूड स्वेटर आत घालू नका, तो ट्रेनमध्ये घाला.

पुण्यातून घ्या : थर्मलचे दोन जोड, फ्लीस, एक जोड स्कीचे मोजे. डेकॅथलॉनमध्ये त्यांच्या वेड्झे ब्रँडचं थोडंफार मिळतं, पण सगळे साइज असतीलच असं नाही. जॅकेट-पँट तिथे गेल्यावर घ्या किंवा टीममधल्या कुणाची मागा. स्कीइंग करणाऱ्यांच्या घरात जुनी पँट असतेच. हातमोजे मात्र पाणी न झिरपणारेच हवेत. लोकरीचे पहिल्या तीन पडण्यांत ओले होतात आणि मग दिवस संपला.

माकडटोपी चालणार नाही, हेल्मेटच्या आत मावत नाही. गळ्याला मफलरही नको, लिफ्टमध्ये अडकतो. नळीसारखा बफ घ्या.

शंकासुर
माकडटोपी रद्द केल्याबद्दल घरातून निषेध आलाय.

पाऊल मोजलं : डावं २६.१, उजवं २६.४. चष्मा आहे, उणे चार. शाकाहारी आहे. आणि जायचं कसं ते सांगा, टीममधले दोघे गाडीने म्हणतायत, बाकीचे ट्रेनने.

वायव्येकर
ट्रेन. म्युनिक हाउप्टबानहोफहून (मुख्य स्टेशन) गार्मिशला थेट रीजनल गाडी साधारण सव्वा ते दीड तासात जाते. डॉइचलांडटिकेट (रीजनल गाड्यांचा देशभराचा मासिक पास) असेल तर वेगळं तिकीट लागत नाही. नसेल तर बायर्न-टिकेट, म्हणजे राज्याचं एका दिवसाचं तिकीट, पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं आणि माणशी स्वस्त पडतं. आठवड्याच्या दिवशी ते सकाळी ९ नंतरच चालतं, शनिवार-रविवारी मात्र मध्यरात्रीपासून, त्यामुळे तुम्हाला अडचण नाही. गार्मिशला उतरल्यावर शेजारीच त्सुगश्पिट्झबान या डोंगरी रेल्वेचं छोटं स्टेशन आहे, त्या गाडीला हाउसबर्ग नावाचा थांबा आहे. नवशिक्यांचा उतार तिथे पायथ्याशीच.

गाडीची भानगड अशी की बर्फ असेल तर जर्मनीत थंडीचे टायर सक्तीचे आहेत. भाड्याच्या गाडीला ते आहेत का हे आधीच बघा, टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाच्या चांदणीचं चिन्ह असतं. ऑस्ट्रियात शिरायचं तर महामार्गाचा विन्येट (टोलचा स्टिकर) लागतो. पासपोर्ट आणि व्हिसा-परवाना मूळचाच जवळ ठेवा, सीमेवर तपासणी होते. आणि संध्याकाळी पाय इतके गेलेले असतात की क्लच दाबायला माणूस शोधावा लागेल.

गार्मिश गाव जेमतेम ७०० मीटरवर आहे. म्हणजे आपलं महाबळेश्वर त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. फेब्रुवारीतही पाऊस पडून पायथ्याचा बर्फ चिखल होऊ शकतो. कृत्रिम बर्फ टाकतात, पण त्यालाही थंडी लागतेच. आदल्या दिवशी वेबकॅम बघा. पायथ्याला काही नसेल तर त्सुगश्पिट्झ शिखराखालचं पठार आहे, तिथे नैसर्गिक बर्फावरच सगळं चालतं. शिखर २,९६२ मीटर.

बाणेरबाई
चष्म्याचं : 'चष्म्यावरून घालायचा' असा गॉगल वेगळा मिळतो, आत फ्रेमला जागा असते. दुकानात चष्म्यासकट घालून बघा. काचेवर एस-१ ते एस-३ असे आकडे असतात. ढगाळ, धुरकट दिवशी एस-१, लख्ख ऊन असेल तर एस-३. एकच घ्यायचा तर एस-२. गॉगल कपाळावर किंवा घामट टोपीवर सरकवून ठेवू नका, तिथून वाफ धरते. आणि आतली काच घासून पुसू नका, वाफ न धरण्याचा लेप तिथेच असतो.

सनस्क्रीन विसरू नका. दर हजार मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही येतं. हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला लावा. ओठांनाही.

तोक्योवासी
इथे सगळे जर्मनीचं सांगतायत म्हणून जपानमधल्या पुणेकरांसाठी एक ओळ : गाला युझावा. तोक्योहून जोएत्सु शिनकानसेनने सव्वा तास. स्टेशनच्या इमारतीतच भाड्याचं दुकान, लॉकर, आणि गोंडोलाही. फक्त हातमोजे आणि मोजे घेऊन गेलं तरी भागतं.

न्यूजर्सीकाका
अमेरिकेत रंग वेगळे, हे लक्षात ठेवा. इकडे हिरवा गोल सगळ्यात सोपा, मग निळा चौकोन, मग काळा हिरा. तेव्हा शंकासुर, हिरवी वाट शोधा.

हिमाली
काका, जर्मनी-ऑस्ट्रियात हिरवी वाट नसते. तिथे निळी सोपी, लाल मधली, काळी अवघड. हिरवा फ्रान्समध्ये असतो. शंकासुर हिरव्याच्या शोधात निघाले तर संध्याकाळपर्यंत शोधतच राहतील.

मुळामुठा
एवढ्या लांब जाऊन पहिला दिवस पडण्यातच घालवायचा, त्यापेक्षा आपलं गुलमर्ग का नको? दुबईतल्या मॉलमध्येही २००५ पासून स्की दुबई आहे.

वायव्येकर
स्की दुबईचा सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा. नांगर शिकायला पुरेसा आहे, वाईट नाही. गुलमर्गला जायला आठवडा काढा, सकाळी जाऊन रात्री परत असं ते ठिकाण नाही. शंकासुर मुळात म्युनिकलाच असणार आहेत, त्यांना गार्मिश म्हणजे पुण्याहून लोणावळ्याला गेल्यासारखं.

तिरकसपेठ
'नांगर शिकायला'? हा धागा शेतीचा कधी झाला?

वायव्येकर
स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची टोकं लांब ठेवून ब्रेक लावतात, त्याला जर्मन लोक 'श्नेफ्लूग' म्हणजे बर्फाचा नांगर म्हणतात. मुलांना शिकवताना पिझ्झाचा तुकडा म्हणतात. मराठीत नांगरच छान.

भाषाशुद्धी
स्कीइंगला 'हिमघसर' म्हणावं असं सुचवतो.

तिरकसपेठ
'हिमघसर' म्हणजे नेमकं जे व्हायला नको ते.

भाषाशुद्धी
मग 'हिमफळी'? स्की म्हणजे मूळ नॉर्स भाषेत फाडलेल्या लाकडाची फळीच.

हिमाली
नांगराचं जरा सविस्तर, कारण पहिल्या दिवसाचा सगळा अभ्यासक्रम तोच. टोकं एकमेकांपासून वीतभर. टाचा बाहेर ढकलायच्या, म्हणजे दोन्ही स्कींची आतली कड बर्फात रुतते. जितकं रुंद तितका वेग कमी. डावीकडे वळायचं तर उजव्या पायावर वजन, उजवीकडे वळायचं तर डाव्यावर. हे सुरुवातीला उलटं वाटतं.

चुकतं ते एकाच ठिकाणी. भीती वाटली की माणूस मागे रेलतो. पुण्यातला माणूस दुचाकीवर दचकला की पाय टेकवतो, इथे टेकवायला पाय नसतो म्हणून तो बसायला जातो. मागे रेललं की पुढची टोकं हलकी होतात, वळत नाहीत, आणि वेग वाढतो. मग आणखी भीती, आणखी मागे. उपाय एकच : नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे, हात पुढे, जणू चहाचा ट्रे धरलाय. नजर टोकांवर नको, दहा मीटर पुढे. टोकं एकमेकांवर चढत असतील तर बहुतेक वेळा वजन मागे गेलेलं असतं.

जुनाट्रेकर
मोज्यांचं मान्य. पण काठ्या तरी लागतीलच ना? ट्रेकमध्ये त्यांचा फार आधार असतो.

हिमाली
पहिल्या सत्रात बरेच शिक्षक काठ्या देतच नाहीत. हातात काठी असली की माणूस तिच्यावर टेकतो आणि ती ब्रेक म्हणून वापरतो, त्याने काही थांबत नाही.

न्यूजर्सीकाका
मला उलट वाटतं, सपाटीवर पुढे सरकायला काठ्या हव्यातच. नवखा माणूस रांगेत मागे घसरतो तेव्हा काठीच वाचवते.

गुडघेबुवा
दोन्ही बरोबर, शिक्षक देईल तेव्हा घ्या. फक्त पडताना काठी सोडून द्यायची. मूठ आवळून हातावर पडलं की काठीचा दांडा अंगठा बाहेर ढकलतो, अंगठ्याच्या मुळाशी लिगामेंट फाटतो. डॉक्टर त्याला स्कीअरचा अंगठाच म्हणतात. पडणार हे कळलं तर आडवं, कुशीवर पडा, मागे ढुंगणावर नको. आणि घसरत असताना उठायचा प्रयत्न करू नका, थांबेपर्यंत थांबा. गुडघा जातो तो बऱ्याचदा पडताना नाही, तर अर्धवट बसलेल्या अवस्थेत सावरायला गेल्यावर.

शंकासुर
पडल्यावर उठायचं कसं? व्हिडिओत सगळे एका झटक्यात उठतात.

गुडघेबुवा
आधी दिशा. तांब्याभर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेत वाहून जाईल, ती उताराची रेषा. पाठीवर वळून दोन्ही स्की हवेत उचला आणि त्या उताराच्या खालच्या बाजूला आणा, शरीर वरच्या बाजूला. मग दोन्ही स्की त्या पाण्याच्या रेषेला अगदी आडव्या. जराही तिरक्या राहिल्या तर उठता उठता निघाल. पाय पोटाशी घ्या, बूड शक्य तितकं स्कीच्या जवळ आणा, वरच्या कडा बर्फात रुतवा. आता वरच्या बाजूचा हात जमिनीवर टेकवून ढकला आणि वजन टाचांवर न घेता पुढे, टोकांच्या दिशेने न्या.

नाही जमलं तर वरच्या पायाची स्की काढून टाका : टाचेमागचा खटका काठीच्या टोकाने किंवा हाताने खाली दाबायचा. मग गुडघ्यावर येऊन उठा. परत लावताना आधी खालच्या बाजूची स्की, मग वरची, आणि त्याआधी बुटाच्या तळाचा बर्फ खरवडून काढा. तळाला बर्फाची चकती चिकटलेली असेल तर खटका बसल्यासारखा वाटतो, पण बसत नाही, आणि मग दहा पावलांवर स्की निघते. पहिल्या दिवशी "बाइंडिंग खराब आहे" अशा तक्रारींपैकी बऱ्याच या चकतीच्या असतात.

कलमअठरा
कुणी विम्याबद्दल बोललं नाही म्हणून. कंपनीने काढलेल्या प्रवास विम्याच्या कागदात 'हिवाळी खेळ' वगळलेत का ते बघा. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले किंवा जादा हप्त्यावर असतात. तीन गोष्टी शोधा : उपचार, डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च हेलिकॉप्टरसह, आणि तुमच्यामुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई. तिसऱ्याला जर्मनीत 'हाफ्टफ्लिख्ट' म्हणतात आणि तिथे राहणारे बहुतेक लोक तो घेतात. इटलीत तर २०२२ पासून उतारावर जायला हा विमा सक्तीचाच आहे. निघायच्या आत एचआरला लेखी विचारा. अपघात झाला तर संपूर्ण युरोपात ११२.

नियमही आहेत, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा. पहिल्या दिवशी तीन पुरे. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. निघण्यापूर्वी वर-खाली बघायचं. अरुंद जागी किंवा वळणाच्या आड थांबायचं नाही, पडलात तर लवकर कडेला व्हायचं.

तिरकसपेठ
मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं. कर्वे रोडवाल्याला हे पचायला आठवडा लागेल.

बाणेरबाई
खाण्याचं राहिलं. डोंगरावरच्या हॉटेलात शाकाहाऱ्याला बहुधा तीन गोष्टी मिळतात : केझेश्पेत्सले म्हणजे चीज घातलेले छोटे पिठाचे गोळे, पोमेस म्हणजे फ्राइज, आणि कायझरश्मार्न, तुकडे केलेलं जाड गोड धिरडं. शेवटच्यातल्या बेदाण्यांना रम लावलेली असू शकते आणि त्यात अंडं असतंच. सूप शाकाहारी दिसलं तरी बरेचदा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं, विचारा.

खिशात चिक्की आणि तिळाचे लाडू. दशम्याही चालतात, थंडीत कडक होत नाहीत. भाकरवडी नको, पहिल्याच पडण्यात तिचा भुगा. पाणी भरपूर प्या, थंडीत तहान कळत नाही.

मुळामुठा
तीन आठवड्यांत काही व्यायाम? की आता उशीर झाला?

गुडघेबुवा
उशीर नाही. मांडीचे पुढचे स्नायू तयार करायचे. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, ४५ सेकंद, तीन वेळा, एक दिवसाआड. तळजाईऐवजी पर्वती करा : १०३ पायऱ्या चढायला नाही, उतरायला. सावकाश, गुडघे वाकवून, तीन फेऱ्या. स्कीइंगमध्ये स्नायू लांबत असताना ताण घेतात, तोच ताण पायऱ्या उतरताना येतो. पोहे नंतर खाल्ले तरी चालतील.

वायव्येकर
आता मूळ प्रश्न, एका दिवसात जमतं का. धडधाकट माणूस चार तासांच्या क्लासनंतर बहुधा एवढं करतो : सरळ घसरणं, नांगराने थांबणं, दोन्हीकडे सावकाश वळणं, पट्ट्यावरून न पडता वर जाणं. काही जण शेवटी टी-लिफ्टवर जातात, म्हणजे उलट्या टीसारख्या दांड्याने ओढत वर नेणारी लिफ्ट. त्या दांड्यावर बसायचं नसतं, तो मांड्यांच्या मागे टेकवून उभंच राहायचं. बसलं की तो खाली जातो आणि आपणही. त्यातून पडलात तर दांडा सोडा आणि चटकन कडेला व्हा, मागचा येत असतो. निळी वाट पहिल्या दिवशी नाहीच म्हणा. दुपारी तीननंतर उगाच आणखी एक फेरी मारू नका, पाय थकलेले असतात आणि बर्फावर दिवसभराचे ढीग झालेले असतात.

मुळामुठा
म्हणजे दिवसभर लहान मुलांच्या उतारावर. त्यापेक्षा स्लेज घ्या की. रोडेलबानवर (रोडेल म्हणजे स्लेज, तिची वाट) तासाभरात मजा येते, शिकायचं काही नाही.

हिमाली
रोडेलला शिकायचं नाही हे चूक. टाचा जमिनीवर दाबूनच ब्रेक लागतो, त्यासाठी जाड तळाचे घट्ट बूट लागतात, आणि हेल्मेटही. वळताना ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा पाय टेकवून दोरी तिकडे ओढायची. पण एखाद्याला स्की नकोच असेल तर चांगला पर्याय आहे. बरोबर कुणी न खेळणारं असेल तर पार्टनाखक्लाम ही घळ आहे, हिवाळ्यात तिथे बर्फाचे झुंबर लटकतात. बर्फ वितळायला लागला की ती बंद ठेवतात, आधी बघून जा.

भाषाशुद्धी
गार्मिशलाच १ जानेवारीला स्की-उड्यांची स्पर्धा असते, 'चार टेकड्यांची स्पर्धा' म्हणतात तिला, त्यातली दुसरी टेकडी. पुण्यातही चार टेकड्या निघतील : वेताळ, हनुमान, चतुःशृंगी...

तिरकसपेठ
चौथीवर उडी मारायच्या आत बिल्डर पोचेल.

शंकासुर
सगळ्यांचे आभार. श्नुपरकुर्स बुक केला, सकाळी १० चा. टीमला कळवलंय की दुपारी जेवायला भेटू, वर येत नाही. थोडे हिरमुसले, पण एकजण म्हणाला की तोही सकाळी पायथ्याशी थांबेल. एचआरला मेल गेली, उत्तर "तपासून सांगतो".

शेवटचा प्रश्न. लिफ्टचं कार्ड पाकिटात ठेवलं तर चालतं ना?

वायव्येकर
नको. गेटचं यंत्र डाव्या बाजूला असतं आणि ते खिशातूनच कार्ड वाचतं. जॅकेटच्या डाव्या खिशात कार्ड एकटंच ठेवा. मोबाइल, पाकीट, चिक्कीचा चकचकीत कागद, सगळं उजवीकडे. मोबाइल आतल्या खिशात अंगाजवळ, नाहीतर थंडीने बॅटरी दुपारीच संपते आणि परतीचं तिकीट त्यातच असतं. कार्डासाठी अनामत घेतली असेल तर संध्याकाळी ते परत करायला विसरू नका.